पक्कड-निवड : जावईवर्गासाठी मार्गदर्शक सूचना

प्रस्तुत सूचना ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अशा सद्गृहस्थांसाठी आहेत, ज्यांच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि तुळशीची कुंडी यांच्यामधल्या दीड फुटात 'वर्कशॉप' नावाची संस्था चालते. संस्थेची मालमत्ता साधारणपणे अशी : एक स्टूल, बिस्किटांच्या डब्यात एकत्र नांदणारे सर्व मापांचे स्क्रू, दिवा न लागणारा टेस्टर आणि एक पक्कड. ही पक्कड कुणी विकत आणलेली नसते. ती घरात असते. तिची मूठ एका बाजूने सोललेली असते, जबडे मिटले तरी पलीकडचं दिसत राहतं आणि तिने तार तुटत नाही, नुसती चेपते. मग गृहस्थ ती चेपलेली तार हाताने पुढेमागे वाकवून तोडतात आणि 'झालं' म्हणतात. हा प्रकार थांबावा, एवढाच या सूचनांचा हेतू.

सूचनांमागचं ज्ञान माझं नव्हे, सासऱ्यांचं आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. आता डोंबिवली पूर्वेला असतात. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि तिचा कारभार वागळे इस्टेटमधून सुरू झाला, ही माहिती ते अशा सुरात सांगतात की किल्ल्या त्यांच्याच कडोसरीला होत्या असं ऐकणाऱ्याला वाटावं. इस्टेटमधल्या बऱ्याच शेड पुढे गेल्या आणि त्या जागी आयटी पार्क उभे राहिले. त्यांतल्याच एका इमारतीत मी नोकरी करतो. ही गोष्ट त्यांनी मला अद्याप माफ केलेली नाही. मात्र जुन्या वळणाचे असल्याने ते जावयाला अहो-जाहोच करतात, त्यामुळे बोलणी खातानासुद्धा आपला सत्कार चालल्यासारखं वाटतं.

कलम १ : संख्या. घरी तीन पकडी लागतात. आठ इंची कॉम्बिनेशन, सहा इंची साइड कटर, सहा इंची नोज प्लायर. बस्स. स्कायवॉकवर आणि लोकलच्या डब्यात एकाच प्लास्टिकच्या खोक्यात अर्धा डझन अवजारं घालून जो 'सेट' मिळतो, त्यातलं खोकं चांगलं असतं. घडीच्या ज्या अवजारातून चाकू, करवत, पक्कड असं सगळं बाहेर येतं, त्यातही सर्वांत भरवशाचा भाग बाटली उघडण्याचा असतो.

कलम २ : उजेड. हे कलम मुख्य आहे. बाकीची विसरलात तरी चालेल.

पक्कड हातात घ्यावी. मिटावी. दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरावी. एक डोळा बंद करावा आणि कटरच्या दोन धारा जिथे भेटतात तिथे बघावं. उजेडाची रेघ दिसली तर पक्कड काउंटरवर परत ठेवावी आणि दुसरी मागावी. त्याच कंपनीची, त्याच पेटीतली दुसरी. कारण घरगुती किमतीच्या पकडी एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघाल्या तरी शेवटी धारेवर कुणाचा तरी हात फिरलेला असतो आणि तो हात सकाळी जेवढा नीट चालतो तेवढा जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर चालत नाही. हे सासऱ्यांचं मत. ते टूलरूममध्ये होते, तेव्हा त्यांना ठाऊक असणार.

इथे एक बारकावा आहे आणि तो न कळल्यामुळे पुष्कळ चांगल्या पकडी नाकारल्या जातात. कॉम्बिनेशनच्या पुढच्या चपट्या जबड्यांमध्ये बारीक फट राहिली तर ती खोट नव्हे. टोकं भिडली पाहिजेत. मागे किंचित अंतर असलं की पत्रा पकडताना जबडे जवळजवळ समांतर बसतात. फट नको ती धारेत. साइड कटरची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या धारा आधी टोकाला भेटतात आणि मूठ जरा आवळली की मागेपर्यंत मिटतात. तेव्हा साइड कटर उजेडाकडे धरताना मूठ हलकी दाबून बघावी. ज्याची टोकंच भेटत नाहीत त्या कटरने बारीक काम होणार नाही, मग तो कितीही वजनदार लागो.

डोळ्यांची परीक्षा झाली की हाताची. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते. यांच्या खिशात मल्टिस्ट्रँड वायरचा एक तुकडा असतो. त्या वायरमधला केसासारखा एकच धागा वेगळा काढायचा, कटरच्या अगदी टोकाशी धरायचा आणि तोडायचा. सुटून खाली पडला तर कटर पास. दुमडून दोन धारांमध्ये अडकून बसला तर नापास. वायर नसेल तर बिलाच्या कागदाची कड चालते. कागद कापला गेला पाहिजे, चुरगळता कामा नये.

मानपाडा रोडवरच्या एका दुकानात आमची ही परीक्षा रंगात आली होती. काउंटरवर कटर मांडलेले, सासरे एकेक उचलून ट्यूबकडे धरतायत, मागे रंगाचा डबा घ्यायला आलेली माणसं थांबलेली.

"काका, कटर घ्यायचाय की एक्स-रे काढायचाय?" दुकानदार शेवटी म्हणाला.

"आधी रिपोर्ट, मग पैसे," सासरे डोळा न उघडता म्हणाले. नंतर माझ्याकडे वळून, "जावईबापू, तुम्ही बघा. दिसतोय का उजेड?"

मला दिसत नव्हता. पण 'नाही' म्हणावं तर नजर अधू ठरणार आणि 'हो' म्हणावं तर चांगला कटर बाद होणार. अशा वेळी जावयाने कटर मुलीच्या वडिलांकडे परत देऊन 'तुम्हीच सांगा' म्हणावं. याला सूचनांमध्ये वेगळं कलम दिलेलं नाही.

कलम ३ : सांधा. एक मूठ आडवी धरावी आणि दुसरी सोडून द्यावी. ती आपल्या वजनाने सावकाश खाली आली पाहिजे. धाडकन पडली तर रिबिट सैल आहे. अडून राहिली तर फार घट्ट आहे, पण नव्या पकडीत हा दोष तेलाच्या थेंबाने आणि दोन-चार दिवसांच्या उघडझापीने जातो. सैलपणा मात्र जात नाही, वाढतो. मग दोन्ही मुठी दोन हातांत धरून एक वर, एक खाली अशी पिळून बघावी. सांध्यात डुगडुग जाणवली की समजावं, आज समोरासमोर भेटणाऱ्या धारा वर्षभरात एकमेकींच्या शेजारून निघून जातील. स्वयंपाकघरातल्या सांडशीचा सांधा ढिला झाला की दुधाचं पातेलं कसं कलतं, हे ज्याने पाहिलंय त्याला आणखी समजावून सांगायला नको.

पक्कड पूर्ण मिटल्यावर दोन मुठींमध्ये बोटभर जागा राहते ना, तेही याच वेळी पाहावं. नाहीतर तार खटकन तुटते आणि तळव्याची कातडी मुठींत सापडते.

कलम ४ : चकाकी. बघू नये.

कलम ५ : पोलाद आणि पाणी. चांगली पक्कड घडवलेली असते, ओतलेली नसते. लालबुंद तापलेला पोलादाचा तुकडा साच्यात ठेवून वरून घण पाडतात, त्याला ड्रॉप फोर्जिंग म्हणतात. दाबाने पोलादाचे पदर आकाराच्या अंगाने वळतात आणि वस्तू चिवट होते. ओतीव लोखंडाची स्वस्त पक्कड दिसायला तशीच असते, जोर लावला की मात्र जबडा बिस्किटासारखा तुटतो. विकत घेताना हे कळणं कठीण. 'ड्रॉप फोर्ज्ड' हे शब्द अंगावर कोरलेले आहेत का ते बघावं. 'क्रोम व्हॅनेडियम' असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं. यावर सासऱ्यांचं म्हणणं, "छापायला काय पैसे पडतात?"

खरी मेख पाणी देण्यात आहे. सगळी पक्कड सारखीच कडक केली तर ती काचेसारखी वागेल, आणि सगळीच नरम ठेवली तर धारेवर पहिल्याच खिळ्याचा खड्डा पडेल. म्हणून अंग जरा मवाळ ठेवतात आणि फक्त धारेला कडक करतात. धारेजवळ तांब्याचं वेटोळं आणून त्यातून उच्च वारंवारतेची वीज सोडली की तेवढाच भाग काही सेकंदांत लाल होतो, आणि लगेच तो थंड करतात. याला इंडक्शन हार्डनिंग म्हणतात. चांगल्या धारेचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ५५ ते ६० च्या आसपास असतो, भारी कटरांचा त्याहून वर जातो. नीट पाहिलं तर काही पकडींच्या धारेशी रंगाचा वेगळा पट्टा दिसतो, तो या तापवण्याचा. घरी आणल्यावर जुनी कानस धारेच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवून पाहावी. घसरली तर पाणी बसलंय. चावली तर पावती शोधावी.

सासऱ्यांच्या त्याच खिशात सायकलच्या स्पोकचा तुकडाही असतो. दुकानदार कबूल असेल तर तो जबड्याच्या आत, सांध्याजवळ धरून तोडायचा आणि मग धारेवरून नखाची कड फिरवायची. नख कुठे अडता कामा नये. दुकानदार सहसा कबूल नसतो. तेव्हा सासरे आधी पैसे देतात, मग तोडतात आणि मग पक्कड परत करायची की नाही ते ठरवतात. मानपाडा रोडवर त्यांचं नाव निघतं ते यामुळे.

कलम ६ : कटर आणि तंबोरा. कटर सगळे सारखे नसतात, हे कळेपर्यंत निदान एक कटर मरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा जो छोटा फ्लश कटर असतो, त्याच्या धारेची एक बाजू सपाट असते, त्यामुळे सोल्डर केलेल्या पायाचा जादा भाग सर्किटच्या पाटीच्या अंगालगत कापता येतो. केबल टायचं शेपूटही त्यानेच कापावं. साध्या कटरने कापलं तर उरलेली कड पुढे कधीतरी मनगटावर ओरखडा काढते. पण सपाट बाजू म्हणजे बारीक धार, आणि बारीक धार म्हणजे तांबं, शिसं, प्लास्टिक एवढंच. पोलादी तार लावली की संपला.

चांगल्या परदेशी कटरांवर किती जाडीची मऊ तार, मध्यम तार, कडक तार आणि पियानोची तार कापता येईल, ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. पियानोची तार सर्वांत कडक, म्हणून तिचा आकडा सर्वांत लहान. आपल्याकडे पियानो नाही, या समजुतीवर निर्धास्त राहू नये. डोंबिवलीत मजल्यागणिक तंबोरा असतो आणि तंबोऱ्याच्या, सतारीच्या पोलादी तारा त्याच जातीच्या. सासूबाई अजून गातात. एका गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी नवी तार चढवली आणि खुंटीपाशी उरलेलं टोक, समोर दिसला म्हणून, फ्लश कटरने छाटलं. त्या कटरच्या धारेवर आज एक छोटी, गोल, अत्यंत सुबक खाच आहे. आम्हा सर्वांना बोलणाऱ्या सासऱ्यांनी यावर अवाक्षर काढलं नाही. ते कटर उजेडाकडे धरून बघत बसले. आतून षड्ज लागल्यावर म्हणाले, "स्वर मात्र बरोबर लागलाय."

जाड तारेसाठी आणखी एक युक्ती. हातातला जोर वाढवता येत नाही, तरफ वाढवता येते. 'हाय लिव्हरेज' कटरमध्ये रिबिट धारेच्या अधिक जवळ सरकवलेला असतो, त्यामुळे मुठीचा तोच दाब धारेशी जास्त होऊन पोचतो. आणि कटर साधा असेल तर तार टोकाशी न धरता आत, सांध्याजवळ धरावी. एवढं केलं तरी निम्म्या पकडी वाचतील.

कलम ७ : मूठ. मुठीवरचं रंगीत प्लास्टिक हाताला बरं वाटावं म्हणून असतं. ते विजेपासून वाचवेलच असं नाही. वाचवणाऱ्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे तपासलेल्या अवजारांची ती निशाणी. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात आणि माणसाचं काम आटोपायला तेवढे पुरतात. तेव्हा दोन त्रिकोण असोत वा नसोत, मेन स्विच पाडूनच हात घालावा.

सोसायटीत येणाऱ्या इलेक्ट्रिशियनची पक्कड कधी हातात घेऊन बघा. कटरच्या धारेत अर्धचंद्राकृती भोक दिसेल. ती घडणीतली सोय नव्हे. चालू वायरच्या दोन्ही तारा त्याने एकदम तोडल्या, शॉर्ट झाला आणि तेवढं पोलाद वितळून उडालं. ही भोकं पुढे वायर सोलायला वापरतात, ही गोष्ट निराळी.

कलम ८ : कुठली घ्यावी. इथे मतभेद संभवतात, म्हणून निकाल आधी देतो. घरकामाला टपारिया घ्यावी, उजेडाकडे धरून निवडून घ्यावी आणि विषय संपवावा. कंपनी आपल्या नाशिकची, सातपूरच्या एमआयडीसीतली. १९६९ पासून, सुरुवातीला स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, हत्यारं बनवते. बाकी देशातली बरीचशी हातहत्यारं जालंधर-लुधियानाकडची. जालंधरला तर १९८३ पासून हातहत्यारांची केंद्रीय संस्थाच आहे. तिकडचा माल उत्तम असतो आणि भिकारही असतो, तेव्हा पुन्हा कलम २ पाहावे.

जर्मनीतला मेहुणा असल्यास प्रश्न चिघळतो. आमच्या मेहुण्याने येताना क्निपेक्स आणली. ही कंपनी १८८२ पासून वुपर्टालमध्ये बसून प्रामुख्याने पकडीच बनवते आहे. आणि पक्कड बघितल्यावर पटतं की एखाद्या गावाने सव्वाशे-दीडशे वर्षं एकच गोष्ट केली तर काय होतं. सांध्याला डुगडुग शून्य, धारेत उजेड शून्य, मिटताना आवाजसुद्धा नाही. तिच्या किमतीत नाशिकच्या पाच-सहा सहज याव्यात. सासऱ्यांनी ती बराच वेळ उलटसुलट केली, खिशातला केसासारखा धागा काढला, तोडला, पुन्हा तोडला. "चांगली आहे," म्हणाले, "पण वापरायची कशाला?" ती आता रेशमी कापडात गुंडाळून कपाटात, दागिन्यांच्या वरच्या खणात असते. मेहुण्याला वाटतं, बाबा रोज वापरतात. कृपया कुणी सांगू नये.

मुंबईला जाणं होणार असेल तर मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठावी. हत्यारांची एवढी दुकानं एका रांगेत ठाण्या-कल्याणात नाहीत, आणि तिथला विक्रेता उजेडाकडे बघणाऱ्या गिऱ्हाइकाला हसत नाही. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा विनोद आता जुना झाला. आज बनावट माल यायला कुठलंही गाव पुरतं. नावातलं एखादं अक्षर बदललेलं असतं, इतकंच. नाव वाचून घ्यावं, आणि बिल घ्यावं.

कलम ९ : निषिद्ध कर्मे. पकडीने खिळा ठोकू नये. पकडीने नट फिरवू नये. नटाचे कोपरे गोल होतात आणि मग खरा पानाही बसत नाही. कोपरे आधीच गेलेले असतील तर ग्रिप प्लायर आणावा, नेब्रास्कातल्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने १९२० च्या दशकात असल्याच अडचणींसाठी तो काढला. काँक्रीटचा खिळा तोडायला जाऊ नये, तो धारेपेक्षा कडक असू शकतो. तोडलेल्या तारेचं टोक डोळ्यात जातं, म्हणून टोकावर दुसरा हात धरावा किंवा तारेचं तोंड खाली करून तोडावं. शेगडीवरचं भांडं पकडीने उतरवू नये, आच लागली की धारेचं पाणी उतरतं. हे शेवटचं घरातल्यांना समजावण्याची जबाबदारी मी घेत नाही.

कलम १० किंवा ११ : पावसाळा. जूनपासून आपल्याकडे भिंती घाम गाळतात, पकडीचं काय घेऊन बसलात. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, अंगावर तेलाचा नुसता हात. खोबरेल नको, थंडी आली की ते थिजतं आणि मग पक्कड उघडायला दुसरी पक्कड लागते. डब्यात कापराच्या दोन वड्या टाकाव्यात किंवा नव्या बुटांबरोबर येणाऱ्या पुड्या. बाल्कनीतलं वर्कशॉप पावसाळ्यापुरतं घरात घ्यावं. कुठे, ते ज्याचं त्याने पाहावं.

एवढी निगा राखली तर पक्कड किती टिकते? शिकागोच्या क्लाइन कंपनीची एक कथा आहे. १८५७ साली एक टेलिग्राफचा लाइनमन तुटकी पक्कड घेऊन माथियास क्लाइन या लोहाराकडे आला. क्लाइनने तुटलेला अर्धा भाग नवा घडवून जुन्याला जोडून दिला. काही दिवसांनी तो पुन्हा आला, आता जुना अर्धा तुटला होता. तोही नवा घडवून दिला. सासऱ्यांना ही कथा फार आवडते. त्यांच्याही कॉम्बिनेशनच्या मुठी दोनदा बदलून झाल्यात आणि रिबिट त्यांनी स्वतः ऐरणीवर ठोकून बसवलाय. ती ते अजून 'कारखान्यातली' म्हणूनच ओळखतात, आणि कारखान्यातून ती घरी कशी आली हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

तेव्हा तीन घ्या : आठ इंची कॉम्बिनेशन, सहा इंची साइड कटर, सहा इंची नोज. चौथीची इच्छा झालीच तर खरेदीआधी डोंबिवलीला चक्कर मारा. सासऱ्यांकडे एक जास्तीची आहे. देणार नाहीत, पण दाखवतील. येताना तुमची बरोबर आणा, तीही ते बघतील.